बाप झालेली पोरं

(दृश्य: उद्यमबाग. सकाळची शिफ्ट सुटते-भरते आहे.)

बेळगावच्या उद्यमबागेत शिफ्ट बदलताना गेटवर उभं राहिलं, की दिसतात ती जास्त करून विशी-पंचविशीची पोरं. कुणी फौंड्रीत साचे भरतो, कुणी ओतकाम करतो, कुणी लेथवर. येळ्ळूर, मजगाव, अनगोळ, कंग्राळी, काही थेट खानापूरच्या बाजूची. यांतले काहीजण बाप आहेत. चेहऱ्याकडे बघून ओळखू येणार नाही.

यांतल्या कितीकांच्या मनात आधी वेगळंच होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच शहरात आहे. गडी कसा असावा, हे इथल्या पोरांनी तिथल्या जवानांकडे आणि गावच्या तालमीकडे बघून ठरवलेलं. पहाटे धावायचं, दंड-बैठका मारायच्या, भरतीची वाट बघायची. 2022 पासून ही भरती अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांसाठी, आणि लग्न झालेल्याला तिथं जागा नाही. त्यामुळं पोरगा भरतीच्या मागं आहे तोवर घरचे थांबतात. वय निघून गेलं की थांबत नाहीत. 'आता मिळेल त्या कामाला लाग. लग्न कर, म्हणजे मार्गी लागशील.'

आणि वर्षभरात पाळणा.

(दृश्य: शिनोळीची वेस. मोटारसायकली, वडाप, ऊसाचे ट्रॅक्टर.)

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून पोरगी जाते. सीमाभागात माहेर बऱ्याचदा चंदगड नाही तर गडहिंग्लज तालुक्यात असतं. शिनोळीच्या वेशीवर राज्य बदलतं, कर्नाटकाचं महाराष्ट्र होतं. पाचवीला सटवाई पुजतात, तिथं जावयाचं काही काम नसतं. बाराव्या दिवशी बारसं, तिथं तो नवे कपडे घालून पाहुण्यांत बसतो. बाळाला कुशीत घ्यायला गेला तर मामी म्हणते, 'मान सांभाळा हं, तुम्हाला जमायचं नाही.' बाळंतीण परत सासरी येते तोवर लेकरू तीन-चार महिन्यांचं झालेलं असतं. त्याला न्हाऊ घालणं, गुटी देणं, झोपवणं, सगळं बायकांच्या हाती बसून गेलेलं. पोरं जबाबदारी घेत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे पहिले तीन महिने जरा नीट बघावेत.

एका कामाला मात्र बाप लागतोच. कागदपत्रं. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं, 21 दिवसांच्या आत. म्हणजे महाराष्ट्रात. पुढं रेशनकार्डात नाव, अंगणवाडी, ते कर्नाटकात. दाखला मराठीत आणि फॉर्म कानडीत. मराठी शाळेत शिकलेला हा बाप खिडकीपाशी फॉर्म हातात धरून उभा राहतो आणि मागच्याला विचारतो, इथं काय लिहायचं? बायको सोबत असली, तर विचारतही नाही. उद्या येतो म्हणून निघतो. त्या उद्याचा खाडा परत पगारातून जातो.

सुट्टीचं गणित सोपं आहे. प्रसूतीसाठी आईला कायद्यानं 26 आठवडे, 2017 पासून. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला 15 दिवस. कंत्राटावर साचे भरणाऱ्या बापाला कायद्यात काहीच नाही. ठेकेदार म्हणतो, बाळंतपण तुझं आहे का?

(दृश्य: निपाणी. उंबऱ्यात सूप घेऊन विडी वळणाऱ्या बायका.)

निपाणीत मात्र वेगळंच चाललंय. इथं घराघरात बाई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. मजुरी हजार विड्यांवर. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं, तिची विडी रोजची. अशा घरात दुपारी लेकराला झोका देणारा बाप दिसतो. तो झोका देतो ते आतल्या खोलीत. बाहेरच्या कट्ट्यावर लेकराला घेऊन बसला, की 'काय रे, पोर सांभाळायला ठेवलंय व्हय तुला?' ऐकावं लागतं. विचारणारा स्वतः बिनकामाचा असतो, हे तिथं कुणी म्हणत नाही.

आणखी एक बाप आहे, तो आम्हाला कॅमेऱ्यापुढं मिळाला नाही, आणि आम्ही फार शोधलंही नाही. ज्याची बायको अजून अठराची झालेली नाही. कर्नाटकात असा बालविवाह 2016 च्या दुरुस्तीपासून मुळातच रद्दबातल आहे, आणि अल्पवयीन मुलगी गरोदर म्हणून दवाखान्यात आली तर पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक. कायदा त्या मुलीसाठी आहे आणि तो असायलाच हवा. पण मग तिला दवाखान्यात घेऊन येते तिची आई. तपासणीला आई, बाळंतपणाला आई. बाळाचा बाप कुठाय विचारलं, तर गोव्याला कामाला गेलाय.

(दृश्य: आशाताई सायकल लावून गल्लीत शिरतात.)

दुसऱ्या लेकरानंतर ऑपरेशनचा विषय निघतो. तो निघतो बायकोपुढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी 37.9 टक्क्यांची स्वतःची नसबंदी झालेली, आणि नवऱ्याची झालेली फक्त 0.3 टक्क्यांच्या घरात. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी थोड्या मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. पण फौंड्रीतला पोरगा विचारतो, 'मग ओझं उचलता येईल का?' त्याची मजुरी अंगातल्या ताकदीवर चालते, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर आहे, काही दिवस जपायचं, मग सगळं उचलता येतं. हे त्याला सांगितलंय कुणी?

आशाताईंची अडचण साधी आहे. त्या येतात दुपारी, तेव्हा घरात सासू आणि सून. म्हणून या गल्लीतल्या ताई आता कारखान्याच्या सुट्टीदिवशी सकाळी येतात, आणि दारातूनच विचारतात, 'बाळाचे बाबा हायत काय घरात?'