उन्हाळी वर्ग, आपला पावसाळा

(फोंड्यातील एका वाचनालयात विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेले भाषण)

मुलांनो, आणि सोबत आलेल्या आईवडिलांनो,

तुमच्यातले काहीजण पुढच्या वर्षी पोर्तुगालला पोर्तुगीज भाषेच्या उन्हाळी वर्गाला जायचे म्हणताहात, म्हणून सुरुवात पंचांगापासून करते. उन्हाळा म्हटले की आपल्याला एप्रिल-मे आठवतो, आंबे-फणस आठवतात. तिथला उन्हाळा म्हणजे जुलै. आपल्याकडे तेव्हा आषाढाच्या सरी कोसळत असतात आणि कॉलेज सुरू झालेले असते. लिस्बनमध्ये त्याच दिवसांत आकाश निरभ्र, आणि रात्री नऊपर्यंत उजेड. म्हणजे तुम्ही सुट्टीत जात नाही, चालू वर्गातून उठून जाता. म्हणून सगळ्यात आधी प्राचार्यांना भेटा. हजेरीचे काय, बुडालेल्या चाचणीचे काय, हे लेखी घ्या. क्रेडिटचेही तेच. युरोपात एक क्रेडिट म्हणजे वर्गातले आणि घरचे मिळून २५ ते ३० तासांचे काम. ते आपल्या विद्यापीठात धरले जाणार का, हे जाण्याआधी विचारा.

आता मला खरे सांगायचे आहे ते. हे वर्ग साधारण चार आठवड्यांचे असतात. इथे गोव्यात बसून जे होऊ शकते, त्यावर तिथला एक दिवसही घालवू नका. मी घालवला आहे. एक दिवस नव्हे, पहिला आठवडा सगळा.

मी इथे व्याकरण पक्के करून गेले होते. पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा झाली. लेखी उत्तम झाली. मग बाई बोलायला लागल्या आणि मला काही कळेना. पोर्तुगालची माणसे बोलताना स्वर गिळतात. लिहितात ‘तेलेफोने’, कानावर येते ‘त्लफोन’. शब्दाच्या शेवटचा ‘स’ ‘श’ होतो, आणि लिस्बनचे होते ‘लिझबोआ’. इंटरनेटवरचे पुष्कळ धडे ब्राझीलच्या बोलीतले असतात. ती मोकळी, स्वर उघडे ठेवणारी बोली आहे. मी तीच ऐकत आले होते. मला खालच्या वर्गात बसवले ते योग्यच होते. तुम्ही मार्चपासून रोज अर्धा तास तिथला ‘आंतेना १’ हा रेडिओ इंटरनेटवर लावून ठेवा. अर्थ कळला नाही तरी चालेल, कान तयार होऊ द्या.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपली झोळी रिकामी नाही. चावी, साबण, कोबी, बटाटा, लिलाव, हे सगळे आपण रोज बोलतो ते तिथूनच आलेले. पण काहींनी वाटेत अर्थ बदलला. ‘पगार’ तिथे क्रियापद आहे, पैसे देणे. दुकानात तुम्ही म्हणाल ‘केरु पगार’, म्हणजे मला बिल भरायचे आहे. ‘तुरुंग’ ज्या ‘त्रोंकु’पासून आला, तो मुळात झाडाचा बुंधा, कैद्याचे पाय अडकवायच्या लाकडी खोड्यालाही तोच शब्द. अशी एक वही आजच करायला घ्या. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त शब्द निघतील.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण तेवढे थांबूच नका. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा.

अडते ते नावावर, आणि हे दुखणे खास आपल्या गोव्याचे आहे. आपल्या जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या. तिथे नाईक, कामत, शेणवी ही नावे वेगळ्याच अक्षरांनी लिहिलेली असतात, आणि पुढे पासपोर्टात ती इंग्रजी वळणाने आली. कुणाचे गावकर शेवटी लागले, कुणाचे गळाले. खर्च वडील करणार असतील तर बँकेच्या कागदावरचे त्यांचे नाव आणि तुमच्या जन्मदाखल्यावरचे त्यांचे नाव एकच दिसायला हवे. माझ्या एका विद्यार्थिनीचे दोन महिने या एका अक्षरापायी गेले. पालकहो, आज घरी गेल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

आणखी एक. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घ्यावे, म्हणजे व्हिसाची कटकट नाही, असे कुणीतरी घरात सुचवेलच. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की इथले जाते. तो आयुष्याचा निर्णय आहे, चार आठवड्यांच्या वर्गासाठी घ्यायचा नव्हे.

जेवणाची काळजी आयांना असते, ती रास्त आहे. मासे खाणाऱ्याला काही अडचण नाही. बाकाल्याउ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, आपल्या खाऱ्या मासळीचा लांबचा भाऊ. शाकाहारी मुलांनी नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, मासे मांसात धरत नाहीत. ‘सेंम कार्न, सेंम पेइश’ असे दोन्ही सांगा. हिरवे सूप भाजीचे दिसते, पण त्यात बहुधा शोरीसाचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा असतो. आणि ‘वाका’ म्हणजे गाय, हे ओळखा.

शेवटी, तुम्ही तिथे काय शोधायला जाता? नुसती भाषा शिकायची तर पणजीतही शिकता येते. माझा प्रश्न अंत्रूजचा, म्हणजे आपल्या या फोंडा भागाचा होता. मंगेश देव १५६०च्या सुमारास पोर्तुगीज अमलातल्या कुशस्थळीहून प्रियोळला आला, तसे आणखी देव आणि त्यांच्यामागून माणसे नदी ओलांडून इकडे आली. अंत्रूज तेव्हा आदिलशाहीत होता. पुढे पोर्तुगीज दप्तराने नदीपलीकडच्या या मुलखाबद्दल काय लिहून ठेवले, ते मला पाहायचे होते.

पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मोंसोंइश दु रेइनु’ नावाचे खंड आहेत. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार. जहाजे मोसमी वाऱ्यावर येत-जात, पत्रे त्यांच्याबरोबर, म्हणून खंडांना नाव वाऱ्याचे. त्यांतले काही जुने खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले, ते आज तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. म्हणजे एका दप्तराचा एक भाग इथे, एक तिथे. इथला भाग आधी चाळला असता, तर तिथे कोणता खंड मागायचा हे मला ठाऊक असते. जुने हस्ताक्षर वाचायचा सरावही पणजीतच झाला असता. मी तसे केले नाही. तिथे जाऊन वाचक म्हणून नोंद केली, सूची पालथी घातली, अक्षर लागेना म्हणून दिवसाला दोन पाने वाचली.

फोंड्याचे नाव असलेले पहिले पान माझ्या हाती आले तेव्हा चौथा आठवडा चालू होता. परतीच्या विमानाला तीन दिवस उरले होते.