बुटीबोरी ते कन्हान : नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा

[दृश्य : ऑटोमोटिव्ह चौक. मेट्रोचा पूल जिथे संपतो तेथून कॅमेरा कामठीच्या दिशेने वळतो.]

नागपूर मेट्रोची नारंगी मार्गिका आज या चौकात संपते, परंतु तिचे प्रवासी इथे संपत नाहीत. कामठी आणि कन्हानकडून रोज शहरात येणारी माणसे अजूनही बस, ऑटो आणि प्रामुख्याने स्वतःची दुचाकी यांवरच अवलंबून आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी येथून कन्हान नदीपर्यंत १३ किलोमीटरचा मार्ग आणि त्यावर १२ स्थानके उभारली जात आहेत.

पहिल्या टप्प्याची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी हा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी सुमारे ४० किलोमीटरचे संपूर्ण जाळे सुरू झाले. त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याचे भूमिपूजन झाले. या टप्प्याची लांबी ४३.८ किलोमीटर, स्थानके ३२ आणि मंजूर खर्च ६,७०८ कोटी रुपये आहे. पहिल्या टप्प्याने सीताबर्डीला मध्यभागी ठेवून शहर जोडले. दुसरा टप्पा नवे जाळे न विणता त्याच चार टोकांना पुढे नेतो : दक्षिणेला बुटीबोरी, उत्तरेला कन्हान, पश्चिमेला हिंगणा आणि पूर्वेला ट्रान्सपोर्ट नगर. यांपैकी ट्रान्सपोर्ट नगरचा फाटा सर्वांत लहान आहे. प्रजापती नगरपासून पारडी व कापसीमार्गे जाणाऱ्या ५.६ किलोमीटरच्या या मार्गावर केवळ तीन स्थानके आहेत.

[दृश्य : पायलिंगचे, म्हणजे खांबांच्या पायासाठी खोल छिद्रे पाडणारे यंत्र, बाहेर येणारी माती, सळ्यांचा पिंजरा.]

रस्त्यावरून जाणाऱ्याला बॅरिकेडच्या आड केवळ यंत्र आणि धूळ दिसते. खरे काम जमिनीखाली चालू असते, आणि नागपूरची जमीन सर्वत्र एकसारखी नाही. हिंगणा आणि बुटीबोरीकडे काळ्या बसाल्टचा खडक आहे, त्यावर काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांबाचा पाया तिच्यावर विसंबून ठेवता येत नाही. तो खालच्या भक्कम थरापर्यंत न्यावा लागतो. कामठीकडे गोष्ट वेगळी आहे. तेथील वालुकाश्म गोंडवाना या प्राचीन महाखंडाच्या काळातील आहे, इतका वैशिष्ट्यपूर्ण की भूशास्त्रज्ञांनी त्या खडकसमूहाला कामठीचेच नाव दिले आहे, आणि कन्हानच्या काठाकडे जावे तसतसा नदीने आणून टाकलेल्या गाळाचा थर लागतो. त्यामुळे एकाच प्रकल्पातील दोन खांब वरून सारखे दिसले, तरी त्यांच्या पायाची खोली वेगळी असू शकते. म्हणूनच खोदकामापूर्वी मार्गावर ठिकठिकाणी छिद्रे पाडून मातीचे आणि खडकाचे नमुने तपासले जातात.

पायावर खांब, खांबावर पियर कॅप, म्हणजे त्याच्या माथ्यावरचा रुंद आडवा भाग, आणि त्यावर दोन खांबांमधला पुलाचा गाळा, असा हा क्रम आहे. पुलाचे काँक्रीटचे भाग रस्त्यावर न ओतता कास्टिंग यार्डात, म्हणजे ओतकामाच्या वेगळ्या आवारात, तयार होतात आणि ट्रेलरवरून रात्री आणून क्रेनने किंवा खांबांवरून पुढे सरकणाऱ्या लाँचिंग गर्डर या यंत्रणेने वर चढवले जातात, जेणेकरून खालची वाहतूक कमीत कमी वेळ थांबेल. नागपूरचा उन्हाळा या कामाची परीक्षा पाहतो. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की काँक्रीटमधील पाणी झपाट्याने उडते आणि पृष्ठभागावर तडे जाऊ शकतात. अशा दिवसांत काँक्रीट मिसळण्यासाठी थंड पाणी किंवा बर्फ वापरणे, ओतकाम रात्री करणे आणि नंतर कित्येक दिवस पाणी मारत राहणे, हे टाळता येत नाही.

[दृश्य : गड्डीगोदाम. रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो एकाच चौकटीत.]

अवघड बांधकामाचा अनुभव या शहराला पहिल्या टप्प्यातच आला आहे. गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वेमार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार स्तरांची रचना आहे. रेल्वेमार्गावरच्या भागासाठी सुमारे १,६५० टन पोलाद वापरावे लागले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो पूल देखणा आहेच, पण दुसऱ्या टप्प्याचे मोल अशा एखाद्या चमत्कारावरून ठरणार नाही, असे आम्हांला वाटते.

[दृश्य : बुटीबोरी एमआयडीसी. पाळी सुटल्यानंतरची दुचाकींची रांग.]

ते बुटीबोरीत ठरेल. विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रापासून एमआयडीसीपर्यंतचा १८.६ किलोमीटरचा हा मार्ग चारही मार्गांत सर्वांत लांब आहे. औद्योगिक वसाहतीत कारखाने दूरदूर विखुरलेले असतात, त्यामुळे स्थानकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत फीडर बस किंवा शेअर ऑटो नसेल, तर कामगार दुचाकी सोडणार नाही. आणि एकदा घरून दुचाकी काढली की ती मध्येच ठेवून गाडी बदलण्याचे कारण उरत नाही. हिंगण्याच्या मार्गालाही हेच लागू पडते. दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. पहिल्या टप्प्यावर गाड्या साधारण सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत धावतात. कार्यालयीन नोकरदारांना ही वेळ पुरेशी आहे. मात्र ज्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात, तेथे पहिल्या पाळीचा कामगार पहाटेच घर सोडतो आणि दुसरी पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते. त्या वेळी बुटीबोरीच्या फलाटावर नागपूरकडे जाणारी गाडी लागते की नाही, हे खांब उभे राहण्याच्या आधीच ठरवता येण्यासारखे आहे.