ढालीवर हात ठेवून उभी असलेली दोन मुलं

(पडद्यावर: काळ्या कापडावर चांदीचं एक नाणं. बोटांनी हळूच उलटलं जातं.)

आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान, वजन चार ग्रॅमच्या आत. हा रोमचा डिनेरियस. संस्कृतातला ‘दीनार’ शब्द आला तो याच्यावरूनच.

छाप्याच्या बाजूला सम्राट ऑगस्टस. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, कडेने अक्षरं: देव झालेल्याचा पुत्र, राष्ट्रपिता. देव झालेला म्हणजे ज्युलियस सीझर. जिवंतपणी नाण्यावर स्वतःचा चेहरा आणला तो त्यानेच, इ.स.पू. ४४ मध्ये. त्याच वर्षी त्याचा खून झाला. पुढे सिनेटने त्याला देव ठरवलं आणि त्याचा दत्तक मुलगा ऑगस्टस देवपुत्र म्हणवू लागला. अख्खं राजकारण एवढ्याशा चकतीवर!

आता मागची बाजू. इथे जरा थांबू या.

(पडद्यावर: मागची बाजू, अगदी जवळून)

दोन मुलं उभी आहेत. गायस आणि लुशियस, ऑगस्टसच्या मुलीची मुलं, आजोबांनीच दत्तक घेतलेली. दोघांचे हात ढालींवर, ढालींमागे भाले. वर, दोघांच्या मधल्या जागेत दोन छोट्या वस्तू दिसतात. एक पळी, देवापुढे मद्य ओतायची. आपल्या पूजेतली पळीच आठवते. शेजारी टोकाला वळलेली काठी, पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची. पळी गायसची, काठी लुशियसची. दोघांनाही कोवळ्या वयातच पुरोहितपद मिळालं होतं. भाला आणि पळी एकाच चित्रात. रोमचा वारस कसा असावा, हे शब्दांवाचून सांगणारं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

ही नाणी फ्रान्समधल्या आजच्या लिआँच्या टाकसाळीत पडली. लुशियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये. गादी टिबेरियसला मिळाली. त्याच्या नाण्यावर बसलेली स्त्री आणि ‘मुख्य पुरोहित’ ही पदवी.

मुलं गेली, पण त्यांची नाणी फिरत राहिली, थेट भारतापर्यंत. पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषक व्यापारी लिहितो, की पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल भडोचला येतो, आणि तिथे डिनेरियस बदलून स्थानिक पैसा घेतला तर नफा होतो. तमिळनाडूत कोइम्बतूरच्या परिसरात तर या दोन मुलांच्या आणि टिबेरियसच्या नाण्यांचे साठेच सापडले.

(पडद्यावर: दुसरं नाणं, ओबडधोबड)

आणि हे बघा. हे रोममधलं नाही. भारतातल्या कुणा कारागिराने समोर अस्सल नाणं ठेवून ठसा कोरलाय. लॅटिन त्याला येत नव्हती. अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्यात. मुलं मात्र तशीच उभी आहेत, ढालीवर हात ठेवून.