तुरुंग कुठाय?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात पाहुणे आले की आधी शनिवारवाडा, मग सारसबाग, आणि वेळ उरलाच तर नगर रोडचा आगाखान पॅलेस. गेल्या सुट्टीत भाच्याला घेऊन मीही गेले. पुढे हिरवळ, कमानींच्या रांगा, सायकल चालवावी असे ऐसपैस व्हरांडे. दोन दालनं बघून झाल्यावर दहा वर्षांचं ते पोरगं म्हणालं, "मावशी, गांधीजी इथं तुरुंगात होते म्हणालीस ना? मग तुरुंग कुठाय?"

खरंच, गज नाहीत, कोठडी नाही. असणार तरी कशी! १८९२ साली इस्माइली पंथाचे प्रमुख, तिसरे आगाखान यांनी बांधलेला हा महाल. दुष्काळानं गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधला, असं सांगतात. पण आगाखानांचा जन्म १८७७चा. म्हणजे वाडा उभा राहिला तेव्हा मालकांचं वय पंधरा! आपल्याकडे त्या वयात मुलांना स्वतःची खोलीसुद्धा मिळत नाही.

पुढची पन्नास वर्षं सोडून देऊ. ८ ऑगस्ट १९४२ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना पकडून इथं आणलं. सोबत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, शिष्या मीराबेन. दोन दिवसांनी कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यर आल्या. येरवड्याचा खरा तुरुंग इथून जवळच, गांधीजींच्या चांगल्या ओळखीचा. पण या वेळी महालालाच काटेरी तारा ठोकल्या, पहारा बसवला, झाला तुरुंग.

आल्याला आठवडाही झाला नव्हता. १५ ऑगस्टला महादेवभाईंचं हृदय बंद पडलं. वय अवघं पन्नास. पंचवीस वर्षं ज्यानं गांधीजींचा शब्दन् शब्द टिपला, त्याचा अंत्यविधी याच आवारात झाला. नंतर रोज फुलं घेऊन गांधीजी त्या जागी जात.

फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. ते यातून वाचणार नाहीत, असं धरून सरकारनं दहनासाठी चंदनाची लाकडंसुद्धा आणून ठेवली होती. गांधीजी वाचले. लाकडं पडून राहिली. वर्षभरानं, २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. गरिबाच्या बायकोला चंदन कुठलं, असं गांधीजींचं म्हणणं. तेव्हा तुरुंगाधिकाऱ्यांनी सांगितलं, चंदन आहे आमच्याकडे. नवऱ्यासाठी आणलेली लाकडं बायकोच्या चितेला लागली. बांच्या अंगावर गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी होती.

भाच्याला यातलं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की बा इथं मीराबेनबरोबर कॅरम खेळायच्या. ते त्याला पटलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या कैद्यांवर महिन्याला ५५० रुपये खर्च होतो, असा हिशेब सरकारनं दिला होता. गांधीजींनी बा गेल्यावर दहा-बारा दिवसांत पत्र लिहिलं: या अवाढव्य जागेचं भाडं आणि एवढा मोठा पहारा, तो खर्च कुठं दाखवलात? हा पैसा जनतेचा आहे, मला साध्या तुरुंगात ठेवा. दुःखातही हिशेब चुकला नाही. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.

६ मे १९४४ला प्रकृतीच्या कारणावरून त्यांना सोडलं. १९६९मध्ये चौथ्या आगाखानांनी वाडा देशाला दिला. २००३पासून तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. तो मान असा, की मेट्रोलाही नगर रोडची सरळ वाट सोडून कल्याणीनगरकडून वळसा घालावा लागला. आता त्याच मेट्रोनं तुम्ही कल्याणीनगरला उतरून जाऊ शकता.

गेलात तर आत गांधीजींच्या चपला, भांडी, कपडे मांडलेले दिसतील. तिथं रेंगाळाच. पण बरीच मंडळी पुढच्या हिरवळीवर फोटो काढतात आणि तिथूनच परततात. समाध्या मागच्या बाजूला आहेत, कस्तुरबांची आणि महादेवभाईंची, शेजारी शेजारी. भाचा तिथं उभा राहिला, मागं वळून त्यानं महालाकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, म्हणजे हे दोघं सुटलेच नाहीत?"