शेजारचा रंग

रंगचक्र तुम्ही सगळ्यांनी काढलेलं आहे. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, आणि त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा, जांभळा. ते येत असेल तर पुरे. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. चित्रात कुठलाच रंग एकटा नसतो. तो कसा दिसणार, हे त्याच्या शेजारी काय आहे यावर ठरतं.

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा, चित्रं विणलेले भिंतीवरचे पडदे बनवणारा कारखाना होता. १८२४ साली तिथल्या रंगविभागाची जबाबदारी शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. तक्रार अशी होती की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत वापरलेला काळा रंग फिका वाटतो. त्यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. काळ्याला मारत होते ते शेजारचे निळे आणि जांभळे. निळ्याच्या बाजूला ठेवलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची (रंगचक्रात त्याच्या समोर येणाऱ्या), म्हणजे नारिंगीची, झाक चढते आणि तो विटल्यासारखा दिसतो. याचा नियम त्यांनी १८३९ मध्ये मांडला.

यावर नुसता विश्वास ठेवू नका, करून बघा. एकाच करड्या कागदाचे दोन छोटे तुकडे कापा. एक लाल कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा लालसर. आता दोन्हींवर पातळ ट्रेसिंग पेपर पसरा. रंग मंदावले की परिणाम कमी व्हायला हवा, असं आपल्याला वाटतं. तो उलट वाढतो. भडक रंगांपेक्षा दबक्या रंगांत हा खेळ जास्त चालतो, म्हणून करड्या छटांना कमी लेखू नका.

मिश्रणाचं एकच सांगतो. 'माझा हिरवा मळका होतो' ही तक्रार नेहमी येते. अल्ट्रामरीन या निळ्यात जांभळी झाक असते, केशरीकडे झुकणाऱ्या पिवळ्यात लाल झाक असते. दोन्हींकडून आलेला लाल हिरव्याचा विरोधी, तो त्याला मारणारच. लेमन यलो आणि हिरवट झाकेचा निळा घ्या, हिरवा लख्ख येईल. मात्र झाडं रंगवताना तो मळका हिरवाच जास्त उपयोगी पडतो, तेव्हा तो फेकून देऊ नका.

आणि टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा. माझ्या मते नवशिक्याची निम्मी अडचण रंगाची नसतेच, टोनची असते. पिवळा मुळातच उजळ, जांभळा मुळातच गडद. लाल आणि हिरवा मात्र इतके सारख्या टोनचे असू शकतात की चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर फूल पानांत हरवून जातं. टोन ओळखायला डोळे किलकिले करून बघायची सवय लावा. पिवळ्या वस्तूच्या सावलीसाठी काळा मिसळू नका, पिवळा हिरवट होतो. त्याऐवजी किंचित जांभळा किंवा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून बघा.

आज स्थिरचित्राला बसाल तेव्हा कोऱ्या कागदावर एकच वस्तू पूर्ण करत बसू नका. पांढऱ्याशेजारी कुठलाही रंग गडद वाटतो. तुम्ही घाबरून तो पातळ लावता आणि भोवती रंग आले की तीच वस्तू पांढुरकी पडते. आधी मागचा पडदा, टेबल, सावली यांचे पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे हात, देऊन कागद झाका, मग वस्तूचा रंग ठरवा.