रेपो रेट, टोमॅटो आणि एमएस्सी इकॉनॉमिक्सचं दुसरं वर्ष

एमएस्सी इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी थिसिसचं मॉडेल चालवायला बसली होती, आणि लॅपटॉपवर लाल अक्षरात जे आलंय ते बघून मगाचपासून डोकं धरून बसलीये. ब्लँचार्ड-कान कंडिशन्स (मॉडेलला एकच उत्तर असण्याच्या अटी) पूर्ण होत नाहीत, इनडिटरमिनसी, असं काहीतरी लिहिलंय. डायनेअर म्हणून अशी अर्थव्यवस्थेची मॉडेल्स सोडवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, मॅटलॅब या गणिताच्या प्रोग्रॅमवर चालतं, आणि मॉनेटरी पॉलिसी, म्हणजे व्याजदर आणि पैशाचं धोरण, शिकणाऱ्या जगभरच्या पोरांच्या नशिबी हा एरर कधी ना कधी येतोच. पहिला संशय टायपिंगवर, कुठे सेमीकोलन राहिला का, कंस बंद केला का. तसं काही नसतं. गडबड इकॉनॉमिक्सची असते.

झालंय काय, तर हिच्या मॉडेलमध्ये तीनच समीकरणं आहेत. लोक आज खर्च करणार की पुढे ढकलणार हे पहिलं, कंपन्या किमती किती वाढवणार हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे बँकांना उसने पैसे देण्याचा व्याजदर, कसा ठरवते ते, टेलर रूल, अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांनी 1993 मध्ये मांडलेला. टेलर यांचं म्हणणं महागाई एक टक्का वाढली तर दर दीड टक्का वाढवा. हिने 1.5 च्या जागी 0.9 घातलाय. आता महागाई एकाने वाढली आणि व्याज 0.9 नेच वाढलं तर महागाई वजा जाता कर्ज उलट स्वस्तच झालं ना, मग लोक अजून उचलणार, मागणी वाढणार, म्हणजे महागाई वाढेल असं नुसतं लोकांना वाटलं तरी ती वाढेल, आणि मग ती नक्की किती होणार याला मॉडेलकडे एकच असं उत्तर उरत नाही. कॉम्प्युटर बिचारा तेवढंच सांगतोय. 0.9 चं 1.5 केलं, रन दाबलं, ग्राफ आले. बीएला परीक्षेसाठी आयएस-एलएम, म्हणजे व्याज आणि उत्पन्नाच्या त्या दोन रेषा, घोकून जे डोक्यात शिरत नाही ते या एका एररने शिरतं, असं आमचं मत.

पण थांबा, ते 0.9 काही तिने हवेतून आणलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरून भारताचा डेटा उतरवून, स्वतः रिग्रेशन करून, म्हणजे महागाई वाढली की दर किती वाढतो याचा संबंध जुन्या आकड्यांतून मोजून, काढलं होतं. मग खरं काय मानायचं, डेटा की पुस्तक? तिच्या गाइडनी नेमकं हेच विचारलं आणि गेले चहाला.

पुण्यात या विषयाला तशी जुनी मुळं आहेत. बीएमसीसी रोडवरची गोखले इन्स्टिट्यूट 1930 ची, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक, कोंढव्याकडे बँकिंगची संस्था एनआयबीएम, आणि युनिव्हर्सिटी रोडला रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं कृषी बँकिंगचं कॉलेज. पण विषयाचा खरा मराठी धागा आणखी मागे जातो. रुपयाच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांनी लंडनला प्रबंध लिहिला, 1923 मध्ये तो छापून आला, आणि त्यात त्यांनी चक्क केन्ससारख्या नामवंत ब्रिटिश अर्थतज्ज्ञाला विरोध केलाय. केन्सला गोल्ड एक्स्चेंज स्टँडर्ड, म्हणजे देशात रुपया आणि परदेशी देण्यापुरता त्याचा सोन्याशी ठरलेला दर, पसंत होतं, आंबेडकरांचं म्हणणं होतं की त्यात रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर राहतं, परदेशी विनिमय दर सांभाळला जातो पण देशातल्या किमतींचं काय, म्हणून चलन काढण्यालाच ठरलेली मर्यादा हवी. किडलँड आणि प्रेस्कॉट या अर्थतज्ज्ञांनी 1977 मध्ये नियम बरे की मर्जी बरी हा वाद गणितात मांडला, तो इथे सिलॅबसमध्ये असतो. आंबेडकर बऱ्याचदा नसतात, आणि हे काही बरोबर वाटत नाही.

आज भारतात तो नियम म्हणजे 4 टक्के महागाई, खाली-वर 2 टक्क्यांची सूट. 2016 मध्ये कायदा बदलला, दर ठरवायला सहा जणांची समिती आली, तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन बाहेरचे, मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी मिनिट्स येतात, कोणी काय मत दिलं आणि का, सगळं नावानिशी. जून 2024 मध्ये दोन बाहेरच्या सदस्यांनी दर कमी करा म्हणून वेगळं मत दिलं होतं, ती मिनिट्स शोधून वाचा, टेक्स्टबुकच्या चार चॅप्टरइतकं शिकायला मिळतं.

आता परत त्या 0.9 कडे. जुलै 2023 आठवा. टोमॅटो किलोला शंभरच्या वर, नारायणगावच्या मार्केटला क्रेट घेऊन आलेल्या शेतकऱ्यांचे फोटो रोज पेपरात. महागाई 7.44 टक्के. आणि 10 ऑगस्टला समितीने काय केलं? काहीच नाही, रेपो 6.50 तसाच ठेवला. व्याज वाढवून टोमॅटो लवकर पिकत नाही हे त्यांनाही कळतं. सप्टेंबरला नवा माल आल्यावर महागाई आपोआप 5.02 वर आली. हिच्या रिग्रेशनला मात्र यातलं काही माहिती नाही. त्याला दिसतं एवढंच की महागाई उसळली आणि बँक हलली नाही, म्हणून ते म्हणतं बँक ढिली आहे, आणि आकडा एकच्या खाली ओढतं. तेव्हाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळपास 46 टक्के, म्हणजे अशा उसळ्या सारख्याच येणार.

बरं, याच्या उलटही एक गंमत आहे. बँकेला महागाई येताना आधीच दिसली म्हणून तिने दर वाढवला, मागून महागाई आली, की डेटा म्हणतो दर वाढवल्यामुळे महागाई वाढली. याला प्राइस पझल म्हणतात, अर्थतज्ज्ञ क्रिस्टोफर सिम्स यांनी 1992 मध्ये अमेरिकेसकट पाच देशांच्या डेटात दाखवलेलं. त्यात आपल्याकडे ही नवी चौकट 2016 पासूनची, तिमाही धरली तर चाळीसच्या आतबाहेर आकडे, त्यात कोविड. एप्रिल-मे 2020 मध्ये तर लॉकडाऊनमुळे भाव गोळाच नीट करता आले नाहीत, त्या महिन्यांची महागाई अंदाजाने भरलेली आहे. एवढ्याशा डेटावर दोन डेसिमलपर्यंत उत्तर देणारे पेपर वाचले की हसू येतं.

म्हणून तिने थिसिसचा विषयच बदलला. आता ती बघतेय की रेपो बदलला की पुण्यात तो पोचतो कुठपर्यंत. बँकेच्या नव्या फ्लोटिंग होम लोनला ऑक्टोबर 2019 पासून बाहेरचा बेंचमार्क, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेला आधाराचा दर, सक्तीचा आहे, बहुतेक वेळा रेपोच, त्यामुळे तिथे ईएमआय किंवा हप्त्यांची मुदत लवकर हलते. पण गल्लीतली पतसंस्था? ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येतच नाही, सहकार खात्याकडे येते, आणि त्याचं आयुक्तालय इथेच पुण्यात. तिथून कर्ज घेणारा रिक्षावाला किंवा वडापावच्या गाडीवाला रेपोच्या बातमीकडे बघतसुद्धा नाही.

डेटा कुठून आणायचा, तर सर्वसाधारण सभेला सभासदांना वाटतात ते वार्षिक अहवाल. ते गोळा करायला ती संस्थांच्या ऑफिसात फिरते, कोणी चहा पाजतं, कोणी म्हणतं सेक्रेटरी आल्यावर या. कर्जाचे दर बघितले तर वर्षानुवर्षं तेच. इथे रेपो पोचतच नाही असं लिहून ती मोकळी होणार होती, तर गाइड म्हणाले, ठेवींचे दर बघितलेस का? बँकांच्या एफडी वाढल्या की पतसंस्थेला ठेवी टिकवायला दर वाढवावाच लागतो, आणि कर्जाचा दर तोच ठेवला तर मधला मार्जिन कोण सोसतंय, का मग कर्जच कमी लोकांना मिळतंय? त्यामुळे आता एक्सेलमध्ये ठेवींसाठी नवा कॉलम पाडलाय, आणि ज्या ज्या ऑफिसात ती जाऊन आली तिथे परत एक चक्कर आहे.