तडा कुठून जाईल?

पडद्यावर दिसते आहे ती काच नव्हे. काचेच्या जागी संगणकात मांडलेली त्रिकोणांची जाळी आहे. तिच्या डाव्या कडेला एक बारीक खाच मुद्दाम ठेवली आहे, कारण पूर्णपणे निर्दोष काच व्यवहारात भेटतच नाही. अणूंमधील बंधांवरून हिशेब केला, तर काच प्रत्यक्षात तुटते त्याच्या कितीतरी पट ताण तिने सोसायला हवा. ही तफावत ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उलगडली: सूक्ष्म चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि चीर पुढे सरकल्यामुळे मोकळी होणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग घडवायला पुरेशी ठरली, की चीर पसरत जाते.

संगणकाची अडचण वेगळीच आहे. ताणाची नेहमीची समीकरणे पदार्थ अखंड आहे असे धरून लिहिलेली असतात, आणि इथे तर तो अखंडपणा मोडतानाच पाहायचा आहे. एक उपाय म्हणजे ठरावीक ताणानंतर शेजारच्या दोन त्रिकोणांमधली कड उसवू द्यायची. पण मग तडा कडांवरूनच चालतो. जाळी तिरकी विणली, तर तडाही तिरका. अशा चित्रात काचेचा गुण किती आणि विणणाऱ्याचा हात किती, हे सांगणे कठीण, आणि चित्र मात्र दिसायला अगदी खरे वाटते.

संशोधक स्टुअर्ट सिलिंग यांनी 2000 साली मांडलेल्या पेरिडायनॅमिक्स पद्धतीत जाळीऐवजी बिंदू असतात. प्रत्येक बिंदू ठरावीक अंतरातल्या सगळ्या शेजाऱ्यांशी बंधांनी जोडलेला असतो. बंध मर्यादेपलीकडे ताणला गेला की तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. तड्याची वाट आधी आखून द्यावी लागत नाही.

आता या बिंदूंच्या पद्धतीने त्याच खाचेकडे, अतिशय संथ गतीने, पाहू. काचेत ध्वनिलहर सेकंदाला सुमारे 5,500 मीटर धावते, आणि हिशेबाच्या एका पावलात ती शेजारच्या बिंदूपलीकडे पोहोचता कामा नये; त्यामुळे बिंदूंमधले अंतर एक मिलिमीटर असेल, तर हिशेबाचे एकेक पाऊल मायक्रोसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान ठेवावे लागते. सुरुवातीला तडा सरळ जातो. मग त्याचा वेग वाढतो, टोकाजवळचे बंध दोन्ही अंगांना तुटू लागतात, आणि एका तड्याला दोन फांद्या फुटतात. खऱ्या काचेच्या तुटलेल्या कडेवर या फाट्याच्या अलीकडे आधी आरशासारखा गुळगुळीत, मग धुरकट आणि शेवटी खरबरीत पट्टा आढळतो. पडद्यावर मात्र धुरकट पट्टा उमटलेला नाही. तो घडवणाऱ्या चिरा बिंदूंमधल्या एक मिलिमीटर अंतराहून कितीतरी बारीक असतात.